पोरं कच्ची नाहीत, पेपर अवघड आहे

नॅकची, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची, समिती येणार म्हटलं की स्टाफरूममध्ये फायलींची पळापळ सुरू होते. त्यात एक फाईल हमखास असते, 'स्लो लर्नर' विद्यार्थ्यांची. विद्यार्थ्यांची पातळी तपासून पुढे असलेल्यांसाठी आणि मागे पडलेल्यांसाठी वेगवेगळे उपक्रम घेता का, असा मुद्दा नॅकच्या मूल्यांकनात वर्षानुवर्षे होता. हेतू चांगलाच होता. पण कागदावर उत्तर द्यायचं तर यादी लागते, यादीला निकष लागतो आणि निकष म्हणून हाताशी असतात ते पहिल्या चाचणीचे मार्क. वीसपैकी आठच्या खाली गेला तो 'स्लो'. यादी नोटीस बोर्डावर, खाली विभागप्रमुखांची सही, शनिवारी दुपारी दोन वाजता रेमेडियल, म्हणजे मागे पडलेल्यांचा जादा तास. त्या वेळी वर्गात किती पोरं असतात हे जाणून घ्यायचं असेल तर प्राचार्यांना विचारू नका, वर्ग उघडणाऱ्या शिपाईमामांना विचारा.

सांगली-मिरजेच्या पट्ट्यात इंजिनिअरिंगच्या पोरांना गणित शिकवण्यात माझी सगळी नोकरी झाली. त्या भरवशावर सांगतो, आपण शिक्का भलत्याच ठिकाणी मारतो आहोत. ज्या पेपरात दर वर्षी, शिक्षक बदलला तरी, बॅच बदलली तरी, वर्गाचा मोठा हिस्सा अडकतो, त्या पेपरात काहीतरी अवघड आहे हे मान्य करायला कुणाची हरकत असू नये. तर मग तो पेपर शोधावा, आणि त्याला बसणाऱ्या सगळ्यांसाठी, वर्गात पहिल्या येणाऱ्या पोरीसाठीसुद्धा, एक अभ्यासबैठक सुरू करावी. ती चालवावी आदल्या वर्षी तो पेपर चांगल्या मार्कांनी सोडवलेल्या सीनियरने. सुरुवात व्हावी सत्राच्या पहिल्या आठवड्यात, चाचणीचे निकाल लागल्यावर नव्हे. आणि त्या सीनियरला त्याच्या कामाचे पैसे मिळावेत.

कल्पना माझी नाही आणि नवीही नाही. अमेरिकेत मिसुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटीतल्या संकुलात डिआना मार्टिन यांनी १९७३ साली ती सुरू केली. सुरुवात झाली ती मेडिकल, डेंटल, फार्मसीच्या विद्यार्थ्यांपासून, म्हणजे प्रवेशाच्या रांगेत जे सगळ्यांत हुशार समजले जातात त्यांच्यापासून. तिथे निकष विषयाला लावला गेला. ज्या विषयात ३० टक्के किंवा त्याहून जास्त मुलं नापास होतात, अगदी तळाच्या ग्रेडवर राहतात किंवा मध्येच विषय सोडतात, तो धोक्याचा विषय. त्या विषयाला एक सीनियर नेमायचा. तो पुन्हा त्या वर्गात जाऊन बसतो, नव्याने वही काढतो, आणि आठवड्यातून दोन-तीनदा वर्गाबाहेर बैठक घेतो. यायचं की नाही ते ज्याचं त्याने ठरवायचं. 'सप्लिमेंटल इन्स्ट्रक्शन' हे तिचं नाव. ऑस्ट्रेलियात आणि इंग्लंडमध्ये याच रीतीच्या बैठका 'पास' (पीअर असिस्टेड स्टडी सेशन्स) या लघुनावाने चालतात. आपल्याकडे नाव काहीही ठेवा, फक्त दारावर 'कच्च्यांसाठी' अशी पाटी नको. आपल्याकडे रेमेडियलचे वर्ग ओस पडतात ते बऱ्याच अंशी त्या पाटीमुळे. पोरगं नापास होणं सोसतं, पण सगळ्यांच्या देखत त्या दारातून आत जाणं त्याला सोसत नाही.

पाटी काय करते याचं एक उदाहरण मला फार बोलकं वाटतं. १९७० च्या दशकात बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात यूरी ट्राइझमन गणिताचे संशोधक विद्यार्थी होते. कॅल्क्युलसमध्ये कृष्णवर्णीय मुलं इतकी का अडकतात, असं त्यांनी प्राध्यापकांना विचारलं. उत्तरं आली: जिद्द कमी, शाळेतला पाया कच्चा, घरी शिक्षणाचं वातावरण नाही, परिस्थिती बेताची. ही चारही उत्तरं आपल्या स्टाफरूममध्ये चहाबरोबर रोज मिळतात. फक्त आपल्याकडे ती दुष्काळी तालुक्यांतली, म्हणजे 'जतकडची', 'आटपाडीकडची', 'मराठी मीडियमची' किंवा 'डिप्लोमातून डायरेक्ट सेकंड इयरला आलेली' पोरं असतात. ट्राइझमन यांनी दोन्ही प्रकारच्या, अडकणाऱ्या आणि न अडकणाऱ्या, मुलांचा अभ्यास प्रत्यक्ष जवळ राहून पाहिला. चारांपैकी एकही कारण टिकलं नाही. अडकणारी मुलं कष्टाळू होती, घरच्यांचा पाठिंबा होता, पण ती एकेकटी बसून अभ्यास करत होती. त्याच वर्गातली चिनी वंशाची मुलं आधी एकटी बसत आणि मग एकत्र जमून उत्तरं ताडून पाहत, एकमेकांच्या चुका काढत. कुठलं गणित सगळ्यांनाच जड गेलंय हे त्यांना ठाऊक असे. एकट्या मुलाला वाटत राही की हे फक्त मलाच येत नाही. ट्राइझमन यांनी मग कार्यशाळा सुरू केली. तिच्यात नेहमीपेक्षा अवघड गणितं होती, सोपी करून दिलेली नव्हती, आणि ती गटात सोडवायची होती. तीच मुलं कॅल्क्युलसमध्ये चमकू लागली.

आता कुणी म्हणेल, असं आपल्याकडे होतच असतं की. होतं ना. परीक्षेच्या आदल्या रात्री होस्टेलच्या कुठल्यातरी खोलीत पंधरा-वीस पोरं कोंबलेली असतात, मध्ये गादीवर एक सीनियर, भोवती वहीची सुटी पानं, आणि 'हा प्रश्न शंभर टक्के येतोय' या हमीवर अख्खं युनिट पहाटेपर्यंत उरकतं. कित्येक इंजिनिअर त्या खोल्यांनी पास केलेत. पण त्या खोलीत कोण नसतं ते बघा. अपडाऊन करणारं पोरगं नसतं, ते संध्याकाळच्या एसटीने केव्हाच गावाकडे गेलेलं असतं. मुली नसतात, त्यांच्या होस्टेलचं फाटक ठरल्या वेळी बंद होतं आणि टॉपर बसलेला असतो फाटकाच्या पलीकडे. मुलींच्याही खोल्यांत असे गट बसतात, नाही असं नाही, पण मेकॅनिकलसारख्या शाखेत विचारायला सीनियर मुलगी असतेच किती? डिप्लोमातून आलेला नसतो, कारण गट पहिल्या वर्षीच जमलेले असतात आणि दुसऱ्या वर्षी आलेल्याला कुणी चटकन जागा देत नाही. गट जमतात कशावरून, यावर उघड कुणी बोलत नाही. गावावरून, तालुक्यावरून, आणि खरं बोलायचं तर आडनावावरूनही. म्हणजे मदत आहे, पण ती ओळखीपाळखीवर मिळते. कॉलेजने तिला एक खोली, एक ठरलेली वेळ आणि उघडं दार दिलं की ती कुणाच्याही मेहरबानीवर राहत नाही. माझा सगळा आग्रह त्यासाठी आहे.

ज्यांची ओळख नाही पण घरून पैसे मिळू शकतात ते क्लास लावतात. एम-वन, एम-टू, एम-थ्री हे गणिताचे पेपर, स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स, ज्याची त्याची फी वेगळी. क्लासवाल्यांवर माझा राग नाही, त्यांतले काही माझेच विद्यार्थी आहेत. पण एखाद्या पेपरासाठी पोरं रांगेने बाहेर पैसे मोजत असतील तर तो पेपर अवघड आहे हे कळायला कॉलेजला निराळं सर्वेक्षण कशाला हवं?

बैठकीत नेमकं घडतं काय, हे सांगितल्याशिवाय हे सगळं हवेत राहील. एम-टूमधला 'चेंज ऑफ ऑर्डर', म्हणजे इंटिग्रेशनचा क्रम बदलणं, घ्या. दुहेरी इंटिग्रल आहे: आत वाय, एक्सपासून १ पर्यंत, बाहेर एक्स, ० पासून १ पर्यंत, आणि ज्याचं इंटिग्रेशन करायचं ते ई, त्याच्या घातात वाय-वर्ग. दिलेल्या क्रमाने गेलं तर पहिल्याच पायरीला अडतं, कारण हे इंटिग्रल नेहमीच्या सूत्रांनी सुटतच नाही. म्हणून क्रम बदलायचा. पुस्तकात पुढची ओळ तयार असते: एक्स ० पासून वायपर्यंत, वाय ० पासून १ पर्यंत. ही ओळ आली कुठून? आम्ही फळ्यावर त्रिकोण काढतो, आडवी पट्टी दाखवतो, 'क्लिअर?' म्हणून विचारतो, साठ माना हलतात, आम्ही पुढे जातो. परीक्षेत त्या साठांतले कितीतरी जण जुन्याच मर्यादा नुसत्या आतल्या बाहेर करून लिहितात: आत ० ते १, बाहेर एक्स ते १. उत्तरात एक्स शिल्लक राहतो तरी कुणाला काही खटकत नाही.

बैठकीत सीनियरने ही पायरी सांगायची नसते. या पद्धतीचं सगळं मर्म तिथे आहे आणि सगळ्यांत जड जाणारी गोष्टही तीच. त्याने खडू समोरच्या पोराच्या हातात द्यायचा.

"चित्र काढ."

पोरगं वाय बरोबर एक्स ही रेघ काढतं, वाय बरोबर १ काढतं आणि थबकतं. त्रिकोण तिरक्या रेघेच्या वरचा घ्यायचा की खालचा? सीनियर गप्प. मागून एक मुलगी म्हणते, "वाय एक्सपासून सुरू होतोय ना, मग वरचा."

"बरं. आता पट्टी आडवी धर. ती शिरते कुठे आणि बाहेर पडते कुठे?"

पुन्हा शांतता. शिकवण्याची सवय झालेल्या माणसाला ही शांतता सोसत नाही. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने वर्गातल्या या शांतता मोजल्या होत्या. प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात आणि मग स्वतःच बोलू लागतात. ती वेळ तीन सेकंदांवर नेली तरी मुलांची उत्तरं लांब होतात, विचार करून आलेली वाटतात. फळ्याशी उभं राहून मनातल्या मनात तीन अंक मोजून बघा, म्हणजे कळेल तीन सेकंद किती मोठे असतात. तर, कुणीतरी म्हणतं, "वाय अक्षावर शिरते, म्हणजे एक्स शून्य. आणि त्या तिरक्या रेघेवर बाहेर पडते."

"तिथे एक्स किती?"

"वायएवढा."

मर्यादा पोरांनीच काढल्या. आतलं इंटिग्रल एका ओळीत सुटतं, वाय गुणिले ई चा घात वाय-वर्ग एवढं उरतं, आणि ते तर बारावीतल्या सब्स्टिट्यूशनने सुटतं. उत्तर, ई वजा १, आणि त्या सगळ्याला भागिले २. एका गणितावर वीस मिनिटं गेली. आमच्या तासाला तेवढ्या वेळात चार झाली असती आणि 'सिलॅबस वेळेत पूर्ण' असा शेरा मिळाला असता.

या वीस मिनिटांत सगळं बोलणं मराठीत झालं हेही लक्षात घ्या. वर्गात शंका विचारायची तर कित्येक पोरं आधी मनात इंग्रजी वाक्य जुळवत बसतात. ते जुळेपर्यंत सर पुढच्या गणितावर पोचलेले असतात. सर मराठीच असले, अगदी तासगावचे असले, तरी ही धास्ती जात नाही. सीनियरपुढे ती नसते. शिवाय आपण कुठे अडलो होतो हे त्याला आठवतं, कारण त्याचं अडणं गेल्याच वर्षीचं आहे. मला चेंज ऑफ ऑर्डर कधी अवघड वाटत होतं हे आठवायला खूपच मागे जावं लागेल.

'पोरं चुकीचं शिकवतील' हा आक्षेप मी खूप ऐकला आहे. तो धरायचा तर होस्टेलच्या खोल्यांना आधी कुलूप लावावं लागेल, कारण चुकीचं शिकवायचंच असेल तर ते तिथे बिनबोभाट चालू आहे. इथे निदान सीनियर तासाला येऊन बसतो, आठवड्यातून एकदा विषयशिक्षकाला भेटतो, नवीन काही शिकवत नाही आणि मार्क त्याच्या हातात नसतात. शेवटचा मुद्दा महत्त्वाचा. इंटर्नलचे मार्क ज्याच्या हातात असतात त्याला आपल्याला काय येत नाही हे पोरगं कधीच खरं सांगत नाही. एक बारीकसं पथ्य मात्र पाळायला हवं. आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत ज्युनियरने सीनियरला 'सर' म्हणायची जी पद्धत आहे ती बैठकीच्या दाराबाहेर ठेवावी. दादा म्हणा, ताई म्हणा, नुसतं नाव घेतलं तरी चालेल.

माझी खरी धास्ती वेगळी आहे आणि ती प्राध्यापक संघटनांच्या धास्तीशी जुळते. प्राध्यापकांच्या जागा मोठ्या संख्येने रिकाम्या आहेत. तासिका तत्त्वावरची माणसं कॉलेजं ओढताहेत. अशा वेळी 'सीनियर पोरंच शिकवतात' हे एखाद्या संस्थाचालकाच्या कानावर गेलं, की त्याच्या डोळ्यांपुढे पगाराची बचत उभी राहील. असं जगात एकदा घडून गेलेलं आहे, आणि त्याचं मूळ आपल्याच देशात सापडतं. पंतोजींच्या शाळेत थोरली पोरं धाकट्यांकडून धुळाक्षरं गिरवून घ्यायची. मद्रासला एग्मोरच्या लष्करी अनाथालयाचा कारभार पाहणारे अँड्र्यू बेल हे पाद्री. त्यांनी १७९० च्या दशकात वाळूत अक्षरं गिरवणारी स्थानिक मुलं पाहिली आणि ती रीत, मोठ्या मुलांच्या हाती धाकटी सोपवून, आपल्या शाळेत आणली. लंडनमध्ये जोसेफ लँकेस्टर याच धर्तीवर शाळा चालवत होते. एका मोठ्या दालनात शेकडो मुलं, वर एकच शिक्षक, मध्ये मॉनिटरांची, म्हणजे थोरल्या मुलांची, फळी. पद्धत पसरली कारण ती स्वस्त होती, आणि स्वस्ताईनेच तिचा घात केला. मॉनिटरला जेवढं पाठ, तेवढंच पुढे जाणार. अखेर १८४६ पासून इंग्लंडने तिच्या जागी निवडक विद्यार्थ्यांना वेतन देऊन शिक्षक म्हणून घडवण्याची वेगळी योजना आणली.

म्हणून माझी अट कडक आहे. बैठकीचा तास हा अध्यापनाच्या कार्यभारात धरला जाणार नाही, असं विद्यापीठाने लेखी सांगावं. ज्या पेपराला नेमलेला शिक्षकच नाही, त्या पेपराला बैठकही नाही. यात त्याच पोरांचं नुकसान होतं हे मला कळतं. पण शिक्षक नसताना बैठक दिली तर पुढच्या वर्षीही शिक्षक येणार नाही, आणि त्याच्या पुढच्याही वर्षी येणार नाही.

दुसरी अट पैशाची. इथे सातारा-सांगलीच्या माणसाला फार समजावून सांगावं लागू नये. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं, १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज उभं केलं. 'कमवा आणि शिका' ही त्या सगळ्याची धारणा. पोराने काम करावं, कामाचा मोबदला घ्यावा आणि त्यातून शिकावं, यात लाजण्यासारखं काही नाही हे या मातीत त्यांनी रुजवलं. आज तीच योजना कॉलेजांत चालते ती कशी? ग्रंथालयात पुस्तकं लावणं, बागेला पाणी घालणं, ऑफिसात फायली हलवणं. कामं प्रामाणिक आहेत, त्यांना कमी लेखत नाही. पण एम-टूत नव्वदच्या वर मार्क पाडलेल्या गरीब घरच्या पोराकडून फक्त पुस्तकं लावून घेणं ही त्याची आणि कॉलेजची दोघांचीही नासाडी आहे. लग्नसराईत केटरिंगला वाढपी म्हणून जाणारी हुशार पोरं मला ठाऊक आहेत. त्यांना 'कमवा आणि शिका'खाली अभ्यासबैठकीचं काम द्या. पैसे फक्त बैठकीच्या तासांचे नकोत. तासाला जाऊन बसण्याचे, तयारीचे, शिक्षकांना भेटण्याचेही हवेत. सत्राच्या आधी त्यांना दोन दिवस हे शिकवा की उत्तर माहीत असताना ते न सांगता कसं बसायचं.

"त्यापेक्षा प्रमाणपत्र देऊ, बायोडेटात लावता येईल," असं एक प्राचार्य मला म्हणाले. प्रमाणपत्र जरूर द्यावं. पण नुसत्या प्रमाणपत्रावर कोण येतं? ज्याला पैशाची गरज नाही तो. मग बैठक पुन्हा सुखवस्तू घरच्या पोरांच्या हाती जाते आणि शिकवायला उभ्या राहिलेल्या चेहऱ्यात जतच्या पोराला आपल्यासारखं कुणी दिसत नाही.

आपल्याकडे चांगल्या उपक्रमाची माती व्हायला दोन गोष्टी पुरतात, सक्ती आणि फोटो. सक्ती आली की ७५ टक्के हजेरीचा नियम आला, बायोमेट्रिक आलं, सही करून मागच्या दाराने जाणं आलं. फोटो आला की बॅनर आला, बॅनरवर मान्यवर आले, आणि सीनियर खडू सोडून माईक धरून उभा राहिला. बैठकीला कोण आलं याची नोंद ठेवावी, ती फक्त शेवटी ताळा करण्यासाठी.

आणि ताळा करताना स्वतःची फसवणूक करू नये. या बैठकांवर जगभर पुष्कळ अभ्यास झाले आहेत. २००१ ते २०१० या काळातल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१४ साली प्रसिद्ध झाला. बैठकीला जाणाऱ्यांचे सरासरी गुण जास्त, नापास होणं कमी, विषय मध्येच सोडणं कमी, असं त्याचं म्हणणं. पण त्यात एक पेच आहे. बैठक ऐच्छिक, म्हणजे येणारे मुळातच धडपडे. ती पोरं नाहीतरी पास झालीच असती, असं म्हणणाऱ्याला गप्प करणं सोपं नाही. त्याला माझं उत्तर एवढंच की गेल्या तीन वर्षांचा त्या पेपराचा पूर्ण वर्गाचा निकाल आणि बैठक सुरू झाल्यानंतरचा पूर्ण वर्गाचा निकाल शेजारी ठेवा. फक्त आलेल्यांचा नको. वर्गाचा आकडा हलला नाही तर बंद करा.

आता वेळ. सगळ्या चांगल्या गोष्टी संध्याकाळी पाच वाजता ठेवायची आपल्याला सवय आहे. पाच वाजता शिराळ्याचं, आटपाडीचं, कवठे महांकाळचं पोरगं स्टँडवर असतं, हातात पास, डोळे फलाटाच्या पाटीवर. किर्लोस्करवाडीकडून रेल्वेने येणाऱ्यांची गाडीची वेळ आणखी वेगळी. बैठक दुपारीच हवी, लेक्चर आणि प्रॅक्टिकल यांच्या मधल्या मोकळ्या तासात, आणि टाइमटेबल करतानाच तो तास बाजूला काढलेला हवा. टाइमटेबल करणाऱ्या प्राध्यापकाला यासाठी डोक्याला ताप होतो, मी तो भोगलेला आहे. बॅचेस, लॅब, एकच ड्रॉइंग हॉल. तरीही एका वर्गाच्या एका पेपरासाठी आठवड्यातून दोन तास निघतात. ओपन इलेक्टिव्हसाठी निघालेच की.

सुरुवात स्वायत्त कॉलेजांनी करावी, कारण पेपरागणिक निकाल त्यांच्याच परीक्षा विभागात पडलेले असतात, कुणाकडे मागायला जावं लागत नाही. सांगलीचं वालचंद २००७ पासून स्वायत्त आहे. साताऱ्या-कराडकडेही आता स्वायत्त कॉलेजं आहेत. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला तर ही गोष्ट परकी वाटू नये, मूळ प्रयोगच डॉक्टरकीच्या मुलांवर झालेला. पहिल्या वर्षाची अ‍ॅनाटॉमी सीनियरशिवाय कुणाला आली आहे? संलग्न कॉलेजांचं काम थोडं अवघड आहे, त्यांना शिवाजी विद्यापीठाने विषयवार निकाल कॉलेजागणिक काढून द्यायला हवेत. बी.एस्सी.चं फिजिकल केमिस्ट्री, बी.कॉम.चं अकाउंटन्सी, कुठला पेपर कुठे अडवतो ते त्यातून आपोआप वर येईल. सगळीकडे एकदम नको. एका कॉलेजात एक पेपर, एक सत्र, दोन सीनियर, त्यांतली एक मुलगी.

आणि सीनियरांचं मानधन 'बिलं अकाउंट्सला पाठवली आहेत' या उत्तरावर सत्र संपेपर्यंत लटकवू नका. ते महिन्याच्या महिन्याला द्या, मेसचं बिल महिन्याच्या महिन्यालाच येतं.